सॅन अँटोनिओत नदीकाठी जेवण, मारियाची आणि शाकाहारी आई: कुठे बसावं, काय मागवावं?

मिरजेची_लेक

नमस्कार मंडळी,

मी ऑस्टिनजवळ राहते. आई-बाबा मिरजेहून आलेत, नोव्हेंबरअखेर परत जातील. बाबांना ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पंचाहत्तर पूर्ण होतायत. तिकडे असते तर भावाने हॉल घेतला असता, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं असतं, जिलेबी-मठ्ठा झाला असता. इथे आम्ही चौघं आणि माझी नऊ वर्षांची मुलगी.

बाबांना विचारलं, काय करूया? म्हणाले, "ते मोठ्या टोप्या घालून टेबलाजवळ येऊन गातात ना, ते बघायचंय. पाण्याकाठी असेल तर बरं." म्हणजे मेक्सिकन मारियाची, हे त्यांनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलंय. बँकेतून निवृत्त झालेत, पण चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतायत, आणि लहानपण सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी गेलं, त्यामुळे वाद्य दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही.

आता अडचणी. बाबांच्या उजव्या कानाला मशीन आहे आणि डाव्या गुडघ्यासाठी काठी. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. चातुर्मासात वांगं बंद आहे, कांदा-लसूण चालतो, नशीब. शिवाय परक्या ठिकाणी गेलं की "मला भूक नाही, तुम्ही खा" म्हणून पाण्याचा ग्लास धरून बसायची तिची सवय तुम्हाला सगळ्यांना घरची माहिती असेलच.

सॅन अँटोनिओच्या रिव्हर वॉकवर न्यावं असं डोक्यात आहे. दीड तासाचा रस्ता. तिथे नदीला लागून बसायला मिळतं का? गाणारे हमखास येतात का, की नशिबावर? त्यांना पैसे द्यायचे असतात का, आणि कसे? आईला काय खायला घालू? नवरा म्हणतो टॅको सगळीकडे सारखाच, घराजवळच्या चेनमध्ये जाऊन येऊ. त्याला गप्प करण्यासाठी तरी कुणीतरी नीट सांगा.

---

टेक्सासचा_पाव्हणा

तुमच्या मिस्टरांशी सहमत. शनिवारी संध्याकाळी गेलात तर पार्किंग शोधेपर्यंत बाबांना शहात्तरावं लागेल. घरी टॅको करा, टीव्हीवर मारियाची लावा, आईंना वरणभात. सगळे सुखी.

---

कृष्णाकाठची

पाव्हणं, तुम्ही जरा गप बसा. (हलकेच घ्या.)

मिरजेची लेक, मी सांगलीची. आपल्यात जेमतेम दहा किलोमीटरचं वैर आहे, ते बाजूला ठेवून सांगते. एकोणीस वर्षं झाली मला सॅन अँटोनिओत. सांगलीला पाहुणा आला की गणपतीचं देऊळ आणि भडंग, तसं इथे पाहुणा आला की नदी. आई, सासूबाई, दोन मामा, नवऱ्याच्या ऑफिसातले अगणित लोक, सगळ्यांना मी त्या पायऱ्या उतरवलंय. चुका करून झाल्यात, त्यामुळे लांब लिहिते.

पहिली गोष्ट, आणि बाकी काही वाचलं नाहीत तरी ही वाचा: नदीला चिकटून असलेलं टेबल मागू नका. सगळे तेच मागतात, फोटोत तेच छान दिसतं. पण आपल्या घाटाला जसा कठडा नसतो तसा इथेही बहुतेक ठिकाणी नाही. फरशी संपली की पाणी. पाणी कमरेएवढंच आहे, कुणी बुडत नाही, पण काठी घेऊन चालणाऱ्या माणसाची खुर्ची कडेला आली की तुमचं सगळं लक्ष त्या खुर्चीच्या पायाकडे राहतं आणि वाढदिवस बाजूला पडतो. वर बदकं पायाशी येऊन चिप्स मागतात, आणि ग्रॅकल नावाचे लांब शेपटीचे काळे पक्षी आहेत ते मागत नाहीत, सरळ उचलतात. माझ्या मामांच्या हातातला नाचो गेला होता. पितृपक्ष चालू होता, मामा म्हणाले, "शिवला, बरं झालं."

तर दुसऱ्या ओळीतलं, भिंतीला पाठ लागेल असं टेबल मागा. तिथून सायप्रसची झाडं, दगडी पूल, होड्या, सगळं दिसतं, आणि गाणारे मधल्या जागेत, नदीकडे पाठ करून उभे राहतात. म्हणजे तुमच्या समोर माणसं, त्यांच्या मागे पाणी. बाबांना जे बघायचंय ते नेमकं हेच. मशीनच्या कानाकडे भिंत किंवा आई येईल असं बसवा आणि आवाज आधीच कमी करून ठेवा. ट्रंपेट दोन असले तर दहा फुटांवरून तो आवाज मशीनमधून कसा लागतो ते माझ्या सासऱ्यांनी एकदा सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंय.

आता पैसे. काही ठिकाणी गाणारी मंडळी हॉटेलनेच ठरवलेली असतात, काही ठिकाणी फिरती. फिरती मंडळी टेबलाशी येऊन हसून विचारतात, गाणं हवं का. ते गाणं विकत असतं. हे मला माहीत होतं, मामांना सांगायचं राहिलं. मामा सांगलीचे, नाट्यपंढरीचे. पहिलं गाणं संपलं, त्यांनी टाळी वाजवून "वन्स मोर" दिला. मंडळी खूश. पुन्हा वाजवलं. पुन्हा वन्स मोर. चौथ्यानंतर त्यांच्यातल्या जाड मिशांच्या माणसाने फार अदबीने सांगितलं, साठ डॉलर. एका गाण्याचे पंधरा. मामा अजून सांगतात की भाचीने जेवण दिलं आणि दक्षिणा आमच्याकडून घेतली (दिले मीच होते).

म्हणून माझी रीत अशी: गेल्यागेल्या मंडळींना बोलवायचं नाही. शेजारच्या टेबलांवर कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. त्यांची दोन-तीन गाणी फुकट ऐका. खरं सांगू का, दोन टेबलं पलीकडून मारियाची जास्त चांगलं लागतं. अगदी अंगावर वाजत असताना आपण ओशाळून हसत बसतो, घास तोंडात धरून, कुठे बघावं कळत नाही. बाबांचा कान रुळला की मग एकदाच बोलवा, भाव आधी विचारा, रोख जवळ ठेवा. वाढदिवसाचं त्यांचं गाणं ठरलेलं आहे, 'लास मान्यानितास'. एवढा शब्द उच्चारलात तरी पुरे. बाबांचं नाव कागदावर मोठ्या रोमन अक्षरांत लिहून द्या, मध्ये घालतात.

वाद्यांबद्दल बाबांना आधी थोडं सांगून ठेवा, कारण मिरजेचा माणूस टोप्या बघत बसणार नाही. मोठ्या पोटाचं जे दिसेल ते गितारोन. सहा तारा, पडदे नाहीत. ते दोन-दोन तारा एकदम ओढून वाजवतात, एक खालच्या सप्तकातली, एक वरच्या. सगळ्या ताफ्याचा ठेका आणि खर्ज त्याच्यावर. त्याचंच धाकटं भावंड विउएला, पाच तारांचं, पाठ तशीच फुगीर, ते छेडत राहतं. बाकी व्हायोलिनं आणि ट्रंपेट. तंबोऱ्याचा भोपळा ज्याने लहानपणापासून पाहिलाय त्याला गितारोनचं पोट बघून काहीतरी वाटेलच. काय ते मला नंतर कळवा.

जेवण. इथे मन घट्ट करून वाचा. माझ्या सासूबाईंना मी पहिल्या वर्षी "हा राजमाच आहे, घोटलेला" म्हणून फ्रिहोलेस रेफ्रितोस खाऊ घातले. दोन वाट्या आवडीने खाल्ल्या. तीन वर्षांनी मला कळलं की ते पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत परततात. सासूबाईंना मी आजतागायत सांगितलेलं नाही आणि त्या हे वाचत नाहीत. तो लाल-केशरी भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. चीज एन्चिलाडा नावाला चीजचा, वरची तपकिरी ग्रेव्ही टेक्सासकडे बऱ्याचदा मांसाच्या रश्शाची. तमाले म्हणजे मक्याच्या सालीत उकडलेलं सारण भरलेलं पीठ, त्या पिठात चरबी. मैद्याच्या तोर्तियात, म्हणजे त्यांच्या पोळीत, असू शकते. चिले रेयेनो बघून भरली मिरची वाटेल, आत चीजच असतं बऱ्याचदा, पण वरचं आवरण फेटलेल्या अंड्याचं.

आणि "वेहेतारियाना", म्हणजे शाकाहारी, एवढं सांगून भागत नाही. बऱ्याच जणांच्या लेखी 'कार्ने' म्हणजे गोमांस, कोंबडी त्यात येतेच असं नाही. तेव्हा मी पोपटासारखं म्हणते: सिन कार्ने, सिन पोयो, सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो, सिन उएवो. मांस नको, कोंबडी नको, चरबी नको, कोंबडीचं पाणी नको, अंडं नको. वाढणारी मुलगी हसते, पण आत जाऊन विचारून येते.

आईंसाठी मागवा: मक्याच्या तोर्तिया (मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, बाकी काही नाही, गरम खाल्ल्या तर भाकरीची आठवण होते, गार झाल्या की मात्र वहाण), ग्वाकामोले, म्हणजे अव्होकाडोचं भरीत, टेबलाशी कालवून देत असतील तर तेच, मिरची घालू का विचारतात, हो म्हणा. पोब्लानो मिरचीच्या भाजलेल्या पट्ट्या सायीत घालून करतात ते राहास. कालाबासितास म्हणजे दुधी-काकडीच्या जातीतल्या झुकिनीची मक्याचे दाणे घालून केलेली भाजी. अख्खे उकडलेले काळे घेवडे, चरबीशिवायचे, मिळाले तर सोनं. त्या कढईत चरचरत येणाऱ्या फहितांमध्ये नुसत्या भाज्यांचा प्रकारही असतो, फक्त वेगळ्या तव्यावर करा म्हणावं लागतं.

गोडाचं सोडा. फ्लान अंड्याचं, त्रेस लेचेसमध्ये अंडं. आईंचा लाडू डब्यात न्या.

वेळ: शनिवार टाळा, इथे पाव्हण्यांचं बरोबर आहे. आठवड्यात कुठल्याही दिवशी पाचच्या सुमाराला पोचा. रस्त्यावरून नदी एक मजला खाली आहे, पायऱ्या दगडी आणि अवघड, पण काही ठिकाणी लिफ्ट आहे, आरक्षण करताना जवळची कुठली ते विचारून ठेवा. जेवणाआधी होडीतून चक्कर मारा, अर्ध्या तासाहून थोडी जास्त, गुडघ्याला आराम आणि सगळं बघून होतं.

होडीवाला सांगेलच, पण कृष्णेचे दोन पूर मी घरच्या गच्चीवरून पाहिलेत म्हणून मलाच सांगायचंय. १९२१ च्या सप्टेंबरात ही एवढीशी नदी शहरात घुसली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. मग शहाण्या लोकांनी ठरवलं की डाउनटाऊनमधलं नदीचं वळण बुजवून खालून गटार काढू. शहरातल्या बायकांनी १९२४ मध्ये संस्था काढून नदी वाचवायला कंबर कसली. १९२९ मध्ये रॉबर्ट हगमन नावाच्या तरुण वास्तुविशारदाने काठाचा आराखडा मांडला, मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून १९३९ ते १९४१ मध्ये काम झालं. वर दरवाजे आहेत, पुराचं पाणी वळवतात, म्हणून ते वळण असं शांत. पहिलं हॉटेल आलं १९४६ मध्ये, कासा रिओ, रंगीत छत्र्यांचं, अजून आहे. आमच्या सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाखाली कुणी असं चार टेबलं टाकून बसायचं म्हटलं तर... जाऊ दे, विषय वेगळा.

---

अलामोनंतर_काय

ताईंचं सगळं मान्य, पण रिव्हर वॉक म्हणजे पर्यटकांची जत्रा आहे. तिथे इथला माणूस जेवायला जातो कुठे? त्यापेक्षा मार्केट स्क्वेअरला जा. तिथे 'मी तिएर्रा' नावाचं हॉटेल १९४१ पासून आहे, आत छताला कागदी पताका आणि दिव्यांच्या माळा, गणपतीच्या मांडवात शिरल्यासारखं वाटतं. मारियाची टेबलाटेबलाशी फिरतात. भिंतीला पाठ, पाण्यात पडायची भीती नाही, काठी ठेवायला जागा. बाहेर पडताना बेकरीच्या काचेआड इतके प्रकार की आईंचे डोळे फिरतील.

आणि बाबा पेटी वाजवतात म्हणता? मग मारियाचीपेक्षा त्यांना कोन्हुन्तो ऐकवा. ते खरं या गावचं. बटणांचा अकॉर्डियन आणि बारा तारांचा बाहो सेक्स्तो. अकॉर्डियन आणला जर्मन-चेक शेतकऱ्यांनी, उचलला इथल्या मेक्सिकन लोकांनी. नामवंत अकॉर्डियनवादक फ्लाको हिमेनेस याच गावचा, १९३९ चा जन्म. पेटीतही धातूची पातीच थरथरतात आणि यातही, भाता तेवढा उभा-आडवा. बाबांना ते पाच मिनिटांत कळेल.

---

कृष्णाकाठची

मार्केट स्क्वेअर चांगलंच आहे, मी स्वतः तिथे जाते, तो मांडव मलाही आवडतो. पण त्यांनी "पाण्याकाठी" म्हटलंय. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने तोंडाने काहीतरी मागितलंय, आपल्या बापांची पिढी मागते कधी? त्यांना पर्यटक म्हणूनच नेऊ दे की. ते पर्यटकच आहेत.

बेकरीतलं आईंना चालायचं नाही, त्यात अंडं किंवा चरबी बऱ्याचदा असते. नुसतं बघायला न्या.

कोन्हुन्तोचं मात्र शंभर टक्के. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

---

ग्वादालाहाराहून

मी कंपनीच्या कामाने तीन वर्षं मेक्सिकोत, ग्वादालाहारात आहे, मूळचा बार्शीचा. मारियाची आमच्या हालिस्को राज्याचं. २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं तेव्हा इथल्या लोकांनी "उशीर केलात" असा चेहरा केला असणार. गावाबाहेर त्लाकेपाकेला एल पारियान म्हणून जागा आहे, मधोमध छत्री, भोवती खानावळी, आणि ताफा दहा-बारा जणांचा. सॅन अँटोनिओत हॉटेलात चार-पाच जण आले तरी पुष्कळ, तेव्हा अपेक्षा बेतानं ठेवा. ट्रंपेट मुळात नव्हतेच त्यात, विसाव्या शतकात आले, रेडिओच्या जमान्यात पक्के झाले. आधी नुसती तंतुवाद्यं. बाबांना हे सांगा, मिरजेचा माणूस खूश होईल.

गाण्याच्या मध्येच कुणीतरी आभाळाकडे तोंड करून लांब आरोळी ठोकतं. आई दचकतील. त्याला ग्रितो म्हणतात. आपल्याकडे गोंधळात संबळ चढला की मागून कुणीतरी जोर लावतं, तसं समजा. ऐकणाऱ्यानंही द्यायला हरकत नाही, उलट मान मिळतो.

आईंना पाण्याचा ग्लास धरूनच बसायचं असेल तर निदान आग्वा दे हामाइका धरायला द्या. लालभडक, आंबट-गोड, थंड. ती आपली लाल अंबाडी आहे, तिच्या बोंडांचं सरबत. आमच्याकडे पाल्याची भाजी करतात आणि बोंडांकडे कुणी बघत नाही, इथे उलटं. चिंचेचंही सरबत असतं, तामारिंदो.

आणि ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा म्हणताय, तर झेंडू बघून घ्या. एक आणि दोन नोव्हेंबरला यांच्याकडे गेलेल्या माणसांचे दिवस, त्याची तयारी आधीपासून असते. सगळीकडे झेंडू आणि कागदी पताका. झेंडू मुळात मेक्सिकोचाच, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आला आणि आपल्या दसऱ्यात जाऊन बसला.

---

मिरजेची_लेक

किती लिहिलंत सगळ्यांनी! नवऱ्याने वाचलं, आणि गप्प झाला. कृष्णाकाठची ताई, एक विचारते: मंडळींना बक्षिशी आणि वाढणाऱ्यांना टिप वेगळी ना? आणि आम्ही पाच जण.

---

कृष्णाकाठची

वेगळी. मंडळींना हातात रोख. वाढणाऱ्यांना अठरा ते वीस टक्के, पण बिल नीट बघा, मोठ्या टेबलाला कधीकधी आधीच लावलेली असते, सहा-सात माणसं झाली की. ती बघितली नाही तर दोनदा जाते. माझी गेलीय. ताई म्हणू नका, वहिनी म्हणा, मिरजेला माझी नणंद दिलीय.

---

मिरजेची_लेक

मंडळी, जाऊन आलो. बुधवारी. जमेल तेवढं लिहिते.

लिफ्टने उतरलो आणि आई तिथेच थांबली. एका हॉटेलच्या दारावर झेंडूचं तोरण होतं, कागदाचं नव्हे, खऱ्या फुलांचं. "दसरा होऊन गेला की, यांनी अजून काढलं नाही?" ग्वादालाहाराहून दादांनी लिहिलेलं तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, विश्वास ठेवला नाही. "झेंडू आपला आहे," म्हणाली.

होडीत मुलगी पुढे बसली. पुराची गोष्ट होडीवाल्याने सांगितलीच. बाबांनी विचारलं, पाणी किती चढलं होतं? त्यांना कृष्णेच्या दोन हजार पाचच्या आणि एकोणीसच्या पुराचं मोजमाप तोंडपाठ, त्यामुळे तुलना हवी होती. मी खांदे उडवले.

टेबल दुसऱ्या ओळीतलं मागितलं तर हॉटेलातली मुलगी दोनदा म्हणाली, कडेचं रिकामं आहे, तिकडे बसा की. मी ठाम. पाच मिनिटांनी कडेच्या टेबलावरच्या एका बाईंच्या ताटातून काळ्या पक्ष्याने तोर्तियाचा तुकडा नेला आणि बाबा इतके हसले की कानातलं मशीन काढून पुसावं लागलं.

जेवणाचं पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. वाढायला आलेला मुलगा "मांतेका" ऐकून आत गेला आणि परत येऊन म्हणाला, घोटलेले घेवडे नका घेऊ, अख्खे काळे घ्या. (कृष्णाकाठची वहिनी, तुमच्या सासूबाईंना मी पण सांगणार नाही.) आईने ग्वाकामोले खाल्लं, त्यात वरून अजून एक हिरवी मिरची मागवली. कालाबासितासला "ही आपली भोपळ्याची भाजी, फोडणी विसरलेत" असं प्रमाणपत्र मिळालं. तोर्तिया हातात घेऊन उलटसुलट केली, कडा बघितल्या, म्हणाली, "पीठ चांगलं मळलंय." अंबाडीचं सरबत दोन ग्लास. मी तिला हॉटेलात दुसरा ग्लास मागवताना याआधी पाहिलेलं नाही.

मंडळी साडेसहाला आली. पाच जण, ट्रंपेट एकच. आम्ही सांगितल्याप्रमाणे गप्प बसून शेजारच्यांची दोन गाणी ऐकली. बाबा टेबलावर बोटांनी ठेका धरून होते, तीनचा आहे की सहाचा यावर स्वतःशीच वाद चालला होता. आरोळी झाली तेव्हा आई दचकली, मुलगी त्याहून मोठ्याने ओरडली, आणि गाणाऱ्याने तिच्याकडे बघून टोपी काढली.

मग बोलावलं. नावाचा कागद दिला. बाबांचं नाव त्यांनी गाण्यात घेतलं, 'पांडुरंग'चं 'पांदूरान' झालं, पण कळलं. बाबा उभे राहिले. काठी न घेता. गाणं संपेपर्यंत उभे होते, हात जोडलेले, आरतीला राहतात तसे. आम्ही कुणी फोटो काढला नाही, नंतर लक्षात आलं.

गाणं झाल्यावर त्यांनी गितारोनवाल्याकडे बोट केलं आणि मला म्हणाले, "विचार, याचा सा कुठे?" आता हे इंग्रजीत काय विचारू? मी काहीतरी बोलले. तो माणूस माझ्याकडे न बघता बाबांकडे बघत होता. त्याने दोन तारा एकदम ओढल्या. बाबांनी डोळे मिटून तो सूर गुणगुणला. त्याने पुन्हा ओढल्या. मग बाबांनी वाद्याच्या पोटावर हलकेच टिचकी मारून कान जवळ नेला, सतारमेकर गल्लीत भोपळा घेताना करतात तसं. मला वाटलं तो रागावेल. त्याने वाद्य थोडं तिरकं करून दिलं.

"लाकूड पातळ आहे," बाबा म्हणाले, "भोपळा नाही तरी जोडीचं आणि खर्जाचं काम एकटाच करतोय. गळ्यात घेऊन. वजन किती असेल?" मी विचारलं. तो म्हणाला, सकाळी हलकं, रात्री जड.

भाव आधीच विचारला होता, वीस डॉलर. मी पैसे काढत होते तेवढ्यात मागून आवाज आला. "वन्स मोर!"

चाळीस.

पुढच्या आठवड्यात कोन्हुन्तो. अकॉर्डियनवाला कुठे बसतो ते कुणीतरी सांगा, बाबा रोज विचारतायत.

---

कृष्णाकाठची

मिरजेचा माणूस चाळीसवर थांबला. आमच्या मामांना कळवते, त्यांना बरं वाटेल.

अकॉर्डियनचं अलामोनंतर_काय सांगतील. रोख जास्त न्या.